अंगावरून जातंय, पण नेमकं काय?

कापूस वेचणीला गेलेल्या बाईचा घामाने भिजलेला परकर संध्याकाळपर्यंत अंगावरच असतो. योनीपाशी खाज सुटली की शेजारीण सांगते, “उष्णता झाली असन, धने-जिऱ्याचं पानी पे.” प्यायला हरकत नाही, पण खाज त्याने जायची नाही.

ही खाज पुष्कळदा कॅन्डिडा नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एका बुरशीमुळे होते. ती अनेकींच्या योनीत एरवीही निमूट असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि बाकी जंतूंना आवरून धरतात. अँटिबायोटिक गोळ्यांनी हे जिवाणू मेले, दिवस गेले किंवा रक्तातली साखर वाढली, की बुरशीचं फावतं. तुरटीच्या नाहीतर जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुणं हा तर राखणदारालाच हाकलण्याचा प्रकार. बाहेरून साधं पाणी पुरे.

दोन पाळ्यांच्या मध्यावर जाणारं पारदर्शक, चिकट पाणी हा आजार नव्हे. त्याने हाडं झिजतात असं म्हणतात, तेही खरं नाही. बुरशीचं पांढरं फुटलेल्या दह्यासारखं घट्ट असतं. सोबत जोरात खाज, लघवीला आग, वास मात्र जवळपास नाही. मासळीसारखा वास आणि करडं पातळ पाणी असेल तर दुखणं जिवाणूंचं. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवी जंतूचा संशय घ्यावा. तिन्हींचं औषध एक नाही.

म्हणून तपासणी हवी, आणि घोडं तिथेच अडतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची पाहणी केली; ती 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के.

बुरशीच असेल तर उपाय सोपा: योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी किंवा तोंडाने फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, एकदाच. गरोदर बाईने तोंडाची गोळी मनाने घेऊ नये. गजकर्णावर मिळणारी ‘थ्री-इन-वन’ ट्यूब इथे लावू नका. तिच्यातल्या स्टिरॉइडने दोन दिवस बरं वाटतं, मग दुखणं चिघळतं. नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला सहसा औषध लागत नाही. पण पोटात दुखत असेल, ताप असेल किंवा वर्षात तीनदा हेच झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि साखरही तपासून घ्या.