एका सातबारावर चाळीस नावं : कोकणातल्या पडीक जमिनीमागची गोष्ट

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत आधीच्या दशकापेक्षा कमी भरली. कारण विचारलं की नोकऱ्या, शिक्षण आणि मुंबई ही उत्तरं तयार असतात. जमिनीच्या कागदाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. घराला कुलूप, कुणग्यांत म्हणजे भाताच्या लहान बांधीव शेतांत रान माजलेलं, आणि सातबारा काढला तर तीस-चाळीस नावं. त्यातली कित्येक माणसं वारलेली, बाकीची विरारपासून डोंबिवलीपर्यंत पांगलेली.

खोती म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची जमिनीवरची सत्ता; तिचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९४९च्या कायद्याने ती गेली. आजच्या परिस्थितीवर तिच्यापेक्षा जास्त छाप आहे ती कूळकायद्याची. १ एप्रिल १९५७ला कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांना न्याय मिळाला, यात वाद नाही. पण ज्यांच्या हातून जमीन गेली त्यांच्या घरांत एक धास्ती मुरली, आणि पुढे ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या घरांतही तीच आली. ‘कसायला दिली तर कूळ लागेल’ हे वाक्य आजही ऐकू येतं. स्वतःला कसायला जमत नाही आणि शेजाऱ्याला द्यायचा धीर होत नाही, म्हणून भाताची जमीन वर्षानुवर्षं पड राहते.

गिरणीत गेलेला भाऊ मनिऑर्डर पाठवायचा आणि गावातला भाऊ शेत बघायचा. तेव्हा वाटणीची निकड कुणालाच नव्हती. जमिनीला भाव नव्हता, तोंडी वहिवाट पुरत होती. १९९०च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि ओसाड वरकस जमिनीवर हापूसची आणि काजूची कलमं उभी राहिली. कलमं लावली एकाने, जमीन सगळ्यांची. बाग धरायला लागल्यावर मुंबईचा चुलतभाऊ हिस्सा मागतो. त्याचा हक्क खरा, आणि कलमाला उन्हाळाभर कावडीने पाणी घालणाऱ्याचा रागही खरा. १९९४च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तो त्यांना फार उशिरा मिळाला. तरीही बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवायची घाई अजून अनेक घरांत होते.

हे सगळं वाटप करून सुटेल असं वाटतं. तिथेच तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, आणि तो जरा सविस्तर बघायला हवा. कायदा १९४७चा. शेताचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यात कसणं परवडणार नाही, हा त्याचा हेतू. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान मापापेक्षा, लहान तुकडा पडेल अशी वाटणी करायची नाही, आणि आधीच असलेला तुकडा विकायचा तर लगतच्या खातेदारालाच. देशावरच्या सपाट शिवारात याला काही अर्थ होता. कोकणात डोंगराच्या उतारावर बांध घालून केलेला दोन-तीन गुंठ्यांचा कुणगा हेच मुळात पूर्ण शेत असतं. तो कुणी तोडून लहान केलेला नाही, जमीनच तशी आहे.

१२ जुलै २०२१ला नोंदणी खात्याचं परिपत्रक निघालं. मोठ्या गटातले एक-दोन गुंठे परस्पर विकत घेतले तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय दस्त नोंदवू नये, असा त्याचा आशय. शहरांभोवतीच्या बेकायदा प्लॉटिंगला आवर घालणं हा हेतू होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण फटका गावात घरापुरती जागा घेणाऱ्यालाही बसला. मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परिपत्रक रद्द केलं. २०२३ला रत्नागिरी-सिंधुदुर्गासह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. मधल्या काळात लोकांनी साठेखतावर (पुढे विकण्याच्या करारावर) आणि नोटरीवर व्यवहार उरकले. पैसे गेले, सातबारावर नाव चढलं नाही. चार भावांत बारा गुंठे असतील तर कायद्याने वाटता येत नाहीत आणि एकत्र ठेवून कुणी कसत नाही. माझ्या मते कोकणाला वेगळं माप लावायला हवं होतं, आणि अजूनही लावता येईल.

धंद्याचं तर यात फारच अडतं. बागेवर कर्ज किंवा काजू प्रक्रियेची शेड, काहीही काढलं की बँक सर्व सहहिस्सेदारांची संमती मागते. एक सही सुरतेला, एक सांताक्रूझला, एकाचा पत्ताच नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या तेव्हाही हेच झालं. मोबदल्याच्या हिश्शावरून वाद निघाला की तो दिवाणी न्यायालयात जातो आणि रक्कम तिथे अडकते. त्याच मोबदल्यावरून सख्ख्या भावंडांची बोलाचाली बंद झाल्याची घरं गावोगावी आहेत. म्हणून गणपतीला एका माजघरात जेवणारी माणसं वाटपाचा विषय टाळतात. काढला तर पुढच्या वर्षी आरतीला कोण उभं राहील याची खात्री नसते.

२०२५ला दोन पावलं पडली. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ झाली, आणि मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर चालली. दोन्ही हवीच होती. मात्र एका आजोबांचं नाव कमी होतं तेव्हा त्या जागी मुलं, मुली, नातवंडं अशी आठ-दहा नावं चढतात. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली वाटप मागायचं तर आता या सगळ्यांना नोटीस जाणार, आणि एकानेही मालकीचा प्रश्न काढला तर प्रकरण दिवाणी कोर्टात. वारस नोंदीपाठोपाठ गावात मोजणी आणि पोटहिश्शांचे नकाशे होत नाहीत तोवर कुणग्याचा कुठला बांध कुणाचा, हे त्या लांबलेल्या यादीवरून कळणार नाही.