चालढकलीतून होणाऱ्या कामांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन पेरी यांच्यापुढे कामं साचली होती. पेपर तपासायचे होते, प्रबंधांचे कच्चे खर्डे वाचायचे होते, अनुदानाच्या एका प्रस्तावावर अभिप्राय द्यायचा होता. हे सगळं तसंच ठेवून त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. १९९६ साली तो छापून आला, आणि आज चालढकलीबद्दल जे बरं बोललं जातं त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे.

पेरींचं म्हणणं असं की चालढकल करणारा माणूस क्वचितच रिकामा बसतो. तो दुसरं काहीतरी करत राहतो, कारण त्यामुळे पहिलं काम टळतं. म्हणून बाकीची कामं सोडून एकच मोठं काम हाती ठेवलं, तर ते टाळायला नुसतं बसून राहणंच उरतं. त्यापेक्षा यादी भरलेली असावी. सगळ्यांत वर तातडीचं वाटणारं, पण लांबलं तरी निभावणारं काम ठेवावं. त्याला बगल देताना खालची कामं मार्गी लागतात. पेरी स्वतः विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहत. संध्याकाळी काम सोडून मुलांशी टेबल टेनिस खेळत, त्यांच्या खोल्यांत गप्पा मारत. त्यातूनच विद्यार्थ्यांना वेळ देणारे प्राध्यापक असं त्यांचं नाव झालं. मला निबंधातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्या वेळात माणसं जोडली गेली.

मूळ विचार मात्र जुना. विनोदी लेखक रॉबर्ट बेंचली यांनी १९३० सालीच लिहिलं होतं की या घडीला जे करायला हवं ते सोडून माणूस दुसरं कितीही काम करू शकतो. पेरींनी त्याची पद्धत बनवली. २०११ साली त्यांना साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामासाठीचा गमतीशीर पुरस्कार, मिळालं.

मानसशास्त्राने वेगळी बाजू पाहिली. फ्यूशा सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ साली मांडलं की चालढकलीच्या मुळाशी वेळेचं नियोजन कमी आणि नकोशा भावनांपासून तात्पुरती सुटका जास्त असते. हे मला पटतं. पेरींच्या यादीने हात चालते राहतात, पण वरच्या कामाची धास्ती जात नाही. लेखन-संशोधनासारख्या सैल मुदतीच्या कामांत ते खपून जातं. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी मात्र त्या वरच्या जागेवर कधीच ठेवू नये.