झाकण किती जाड? भूजलाच्या प्रदूषण-नकाशांची पार्श्वभूमी

मे महिन्यात आमच्याकडच्या विहिरीत डोकावले की पाण्याच्या आधी कडा दिसतात. वर हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग ठिसूळ मांजऱ्या खडक आणि तळाशी काळा कातळ. पाण्यावरचे झाकण म्हणजे हेच. ते घाण किती अडवेल आणि किती खाली सोडेल, याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञांनी पन्नासहून अधिक वर्षे खर्च केली आहेत. त्या अंदाजाचे गणित मात्र दुसऱ्या देशात, दुसऱ्या गरजेपोटी जुळवले गेले, आणि आपल्याकडे ते वापरताना हे विसरून चालत नाही.

‘भूजलाची प्रदूषणप्रवणता’ ही कल्पना १९६८ मध्ये फ्रेंच भूजलशास्त्रज्ञ जाँ मार्गा यांनी मांडली. जमिनीची नैसर्गिक ठेवणच काही ठिकाणी पाण्याचे रक्षण करते आणि काही ठिकाणी करत नाही, तेव्हा हा फरक नकाशावर रंगवता यायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी फ्रान्सचा असा नकाशा निघाला.

अमेरिकेत या विषयाला वेग आला तो धक्का बसल्यावर. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल वस्तीखाली पुरलेला रासायनिक कचरा १९७८ मध्ये देशभर गाजला. कचरा कुठे टाकू नये, हे आधीच सांगणारे साधन हवे होते. जागोजागी भोके पाडून पाणी तपासणे परवडणारे नव्हते. तेव्हा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने विहीर व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेसोबत एक पद्धत बसवली, ती ‘ड्रास्टिक’. १९८५ मध्ये ती आली आणि १९८७ मध्ये सुधारली गेली. आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत बहुधा हीच.

तिचे गणित शाळकरी मुलालाही जमेल. पाणी किती खोल आहे, पावसाचे किती मुरते, जलधर, म्हणजे पाणी साठवणारा थर, कोणत्या खडकाचा, माती कशी, उतार किती, माती आणि पाणी यांच्यामधला कोरडा थर कसा आणि खडकातून पाणी किती वेगाने वाहते, असे सात घटक. प्रत्येकाला १ ते १० गुण आणि १ ते ५ वजन. पाण्याची खोली आणि कोरडा थर यांना सर्वाधिक ५, उताराला सर्वात कमी १. बेरीज २३ ते २३० यांच्या दरम्यान येते; आकडा जितका मोठा, तितके झाकण विरळ. ही वजने प्रयोगशाळेतून आलेली नाहीत, तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली आहेत. नकाशावरचा लाल-हिरवा रंग पाहताना हे लक्षात ठेवायला हवे.

पद्धतीची गृहीतके तर त्याहून महत्त्वाची. घाण जमिनीच्या पृष्ठभागावर पडते, पावसाबरोबर खाली उतरते, पाण्याच्याच वेगाने चालते आणि पाहणीचे क्षेत्र किमान १०० एकर असते, असे ती धरून चालते. आपल्या गावात पहिलेच गृहीतक कोसळते. शौचालयाचा शोषखड्डा मुरमात खोल खणलेला असतो, त्यामुळे मातीचे झाकण घाणीने आधीच ओलांडलेले असते. विंधन विहिरीचा केसिंग पाइप कातळापर्यंत नेला नाही आणि भोवतीची फट बुजवली नाही, तर वरचे पाणी पाइपाच्या बाहेरून सरळ खाली जाते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टवर, म्हणजे याच काळ्या कातळावर, उभा आहे, आणि या दगडात पाणी भेगांमधून, सांध्यांतून फिरते. एका विहिरीला उमाळा लागतो आणि शेजारची कोरडी निघते, ती याचमुळे. त्याच भेगांतून घाणही पळते. ‘ड्रास्टिक’मध्ये बेसाल्टच्या जलधराला सर्वसाधारणपणे १० पैकी ९ गुण आहेत, पण भेग नेमकी कुणाच्या परसात आहे, ते हा आकडा सांगू शकत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या साऱ्या पद्धतींची झाडाझडती घेतली. तिच्या अहवालातला पहिला नियम असा की, सर्व भूजल प्रदूषणाला कमी-अधिक उघडे असते. तेव्हापासून नकाशा विहिरींतल्या नायट्रेटशी ताडून पाहण्यावर भर वाढला. खत, शेणखत आणि सांडपाणी यांची खूण नायट्रेटमध्ये उतरते; आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. स्विस अभ्यासकांनी चुनखडीच्या प्रदेशासाठी ‘एपिक’ ही वेगळी पद्धत बेतली. भारतात अनेक अभ्यासकांनी ‘ड्रास्टिक’मध्ये जमिनीचा वापर किंवा खडकातल्या भेगांच्या रेषा जोडल्या.

मला सर्वात जास्त खटकतो तो ऋतू. पावसाळ्यानंतर पाणी १० फुटांवर असेल तर खोलीचे ९ गुण, ५ ने गुणून ४५. मेमध्ये ते ४० फुटांवर गेले की ५ गुण, म्हणजे २५. विहीर तीच, माती तीच आणि एकाच घटकात २० चा फरक. पाणी वर येते त्याच दिवसांत खताचे ढीग आणि भरलेले शोषखड्डेही भिजलेले असतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पावसाळ्यानंतरचा एक आणि उन्हाळ्याचा एक, असे गावाचे दोन नकाशे काढायला लागणारा खोलीचा आकडा त्या नोंदींतूनच मिळतो.