जीआय शटर आणि साधं लोखंडी शटर: दोघांना एकच प्रायमर नको

पावसाळा सरला की गिरगावपासून दहिसरपर्यंत गाळ्यांची, गॅरेजची शटरं रंगवायला निघतात आणि तोच सल्ला पुन्हा फिरू लागतो: घास, रेड ऑक्साइड मार, वर ऑइल पेंटचे दोन हात दे. साध्या लोखंडी पत्र्यासाठी तो बरोबरच आहे. गंज नीट काढायचा, त्याच दिवशी प्रायमर लावायचा, बस. फक्त ‘चालतंय की’ म्हणत तांबड्या प्रायमरवरच शटर वर्षभर सोडू नका. तो थर एकटा पाऊस अडवत नाही.

घोळ होतो तो जीआयचा, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्नचा. त्यातही पत्रा लोखंडाचाच, वर जस्ताचा मुलामा एवढंच. त्यामुळे लोहचुंबक लावून बघणं फुकट आहे, ते दोन्हीला चिकटतं. त्यापेक्षा रंग न लागलेली आतली बाजू आणि ओरखडे बघा. राखाडी-चंदेरी पत्रा, स्फटिकांची नक्षी किंवा पांढरी पूड दिसली तर जस्त आहे. तांबडा गंज दिसला तर बहुधा साधं लोखंड. पण जुन्या जीआयच्या खालच्या पट्टीवरचं जस्त संपलं की तिथेही गंज येतो, म्हणून एकच जागा बघून ठरवू नका.

एवढी चौकशी कशाला? तर ऑइल पेंट आणि दुकानात मिळणारं नेहमीचं रेड ऑक्साइड, दोन्हींत धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे अल्किड, तेलापासून केलेलं रेझिन. दमट हवेत जस्तावर अल्कधर्मी थर धरतो. तेलातली आम्लं त्याला भेटली की रंग आणि पत्रा यांच्या मधोमध जस्ताचा साबण तयार होतो. अक्षरशः साबण. आणि दमटपणाला मुंबईत कधी तोटा असतो? सुरुवातीला शटर झकास दिसतं, रंगारी पैसे घेऊन जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, नखाने उचललं तरी हातभर पापुद्रा निघून येतो. खाली पत्रा स्वच्छ, गंजाचा मागमूस नाही. हीच खूण लक्षात ठेवा, कारण गंजाने सुटलेल्या पोपड्यामागे तांबडी पूड असते. तरी मालक ‘रंग हलका निघाला’ म्हणतात आणि दुप्पट भावाचा डबा आणतात. पुन्हा ऑइल पेंटच!

‘मग पिवळा झिंक क्रोमेट मारा’ हा त्यावरचा अर्धवट उतारा. त्या डब्यातही बऱ्याचदा अल्किडच असतं. रंगद्रव्य बदललं, धरून ठेवणारं तेच राहिलं. शिवाय क्रोमेट कर्करोगकारक, आणि पुढच्या वेळी तो थर घासताना धूळ नाकात जाणार ती तुमच्याच. मी तो डबा घरात येऊ देत नाही.

जीआयला माझी पसंती दोन डबे एकत्र मिसळून लावायच्या इपॉक्सी प्रायमरला, आणि वर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. नुसता इपॉक्सी उन्हात पांढुरका पडतो. एवढा खर्च नको असेल तर डब्यावर जीआयसाठी असं स्पष्ट लिहिलेला पाण्यातला ॲक्रिलिक घ्या. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, धुवा, पूर्ण वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपरने फक्त चमक घालवा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावणाऱ्याला मात्र तिथेच थांबवा. जस्त स्वतः झिजून आतलं लोखंड वाचवतं, ओरखड्यातलंसुद्धा. तेच खरवडून काढलं तर जीआयचे जादा पैसे मोजले कशाला? खाऱ्या वाऱ्यात, म्हणजे वरळी-वर्सोव्याच्या किनाऱ्याला, जस्त लवकर झिजतं, तिथे रंग हवाच. आत घाटकोपर-मुलुंडकडे नवं जीआय शटर काही वर्षं बिनरंगाचं राहिलं तरी बिघडत नाही.

बाकी दोन्हींना सारखंच. जुलैत रंगकाम काढू नका. पट्ट्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे आणि बाजूच्या गाईडमध्ये रंग भरू नका, शटर जाम होतं. आणि रंग पुरता वाळल्याशिवाय ते वर गुंडाळू नका. पट्ट्या चिकटतात, ओढल्या की नवा रंग उचकटतो.