दोन ‘यलो रिव्हर’: कॅन्टाटा कुठला आणि कॉन्चेर्तो कुठला

‘यलो रिव्हर’ असं शोधलं की दोन वेगळ्या रचना समोर येतात आणि अनेकदा दोन्हींखाली एकच नाव असतं: चिनी संगीतकार शियान शिंगहाय. एक आहे कॅन्टाटा, म्हणजे वाद्यवृंदासह गायची समूहगीतांची मालिका; दुसरी कॉन्चेर्तो, म्हणजे इथे पियानो आणि वाद्यवृंदाची शब्दांविना रचना. चाली दोन्हीकडे त्याच्याच, पण रचना त्याने एकच केली. दुसरी आकाराला आली तेव्हा त्याला जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

त्याची रचना म्हणजे 1939चा कॅन्टाटा, जपानी आक्रमणाच्या ऐन धुमाळीतला. कवी ग्वांग वेइरान घोड्यावरून पडून येनानच्या, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तळावरच्या, रुग्णालयात होता. कविता त्याने तोंडी सांगितली. शियानने मार्चअखेर आठवड्याच्या आत चाली बांधल्या आणि 13 एप्रिलला पहिला प्रयोग झाला. (आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस तेव्हा येनानमध्येच होते.) शियान पॅरिसला फ्रेंच संगीतकार पॉल द्युकाकडे शिकलेला, पण येनानमध्ये वाद्यवृंद कुठून आणणार? मोजकी व्हायोलिनं, एरहू हे दोन तारांचं चिनी गजवाद्य, बांबूच्या बासऱ्या, रॉकेलच्या डब्यापासून केलेलं खर्जाचं तंतुवाद्य, तालाला इनॅमलच्या मगात खुळखुळणारे चमचे. लेखन अंकांच्या स्वरलिपीत: 1 म्हणजे सा, 2 म्हणजे रे, भातखंडे लिपीसारखाच वर टिंब तार सप्तकाला, खाली मंद्राला. भरगच्च पाश्चात्त्य वाद्यमेळ त्याने 1941च्या सुमारास सोव्हिएत संघात लिहिला. आज ऐकू येणारा साज बहुधा त्याहूनही नंतरचा, इतरांनी चढवलेला असतो. त्यामुळे झगझगीत ध्वनिमुद्रण ऐकून ‘येनानमध्ये असंच वाजलं’ असं समजू नये.

कॉन्चेर्तो माओच्या सांस्कृतिक क्रांतीतला. पियानो तेव्हा भांडवलदारांचं वाद्य ठरला होता. 1962च्या मॉस्कोतल्या चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरं बक्षीस विभागून मिळवलेल्या पियानोवादक यिन चेंगचोंगने 1967मध्ये पियानो थेट त्यान-आन-मन चौकात नेला. पुढे माओची पत्नी चियांग चिंग हिच्या आशीर्वादाने यिनसह काही जणांच्या गटाने हा कॉन्चेर्तो रचला. 1970मध्ये बीजिंगला तो सादर झाला. गंमत अशी, की युरोपच्या नावाने बोटं मोडण्याच्या त्या काळातली ही रचना कॅन्टाटापेक्षा जास्त युरोपीय आहे: दोन्ही हातांच्या सप्तकांच्या धडाक्यात लिस्ट आणि रखमानिनॉव सरळ ऐकू येतात.

कॅन्टाटाच्या आठ भागांचे इथे चार झाले. नावाड्यांचं गीत आणि नदीचं स्तोत्र जवळपास जागेवर राहिलं. तिसऱ्या भागात कॅन्टाटातली दोन करुण गाणी एकत्र ओवली आहेत; तो बांबूच्या बासरीने उघडतो आणि मग पियानो गुझंग या चिनी तंतुवाद्याच्या तारा छेडल्यासारखा झरझरतो. सान्श्यान या तीन तारांच्या वाद्याच्या साथीतलं कवितावाचन आणि दोन गावकऱ्यांचा गाता संवाद मात्र गळाला. शब्दच नाहीत, तर संवाद कसला?

खरी गल्लत ‘ह्वांग हो राखा’ (ह्वांग हो म्हणजेच यलो रिव्हर) या भागापाशी होते, कारण चाल दोन्हीकडे तीच. कॅन्टाटात एका गटाने ओळ उचलली की दुसरा थोडा मागून तीच ओळ धरतो, मग तिसरा; मध्ये ‘लुंग-ग-लुंग’ असे तालाचे निरर्थक बोल. कॉन्चेर्तोत हा पाठलाग पियानो आणि वाद्यवृंदात चालतो. पण शेवटी ‘पूर्व लाल झाली’ हे माओचं स्तुतिगीत आणि ‘इंटरनॅशनल’ हे कामगार चळवळीचं गीत आलं, तर खुशाल समजा, हा कॉन्चेर्तो. ते स्तुतिगीत 1939मध्ये लिहिलंच गेलं नव्हतं.