पंचविसाव्या दिवशी कापलेला देठ : प्रयोगशाळेत वाढणाऱ्या ऊतींची पार्श्वभूमी

प्रयोगशाळेत त्वचा वाढवली, कान छापला, यकृताचा इवलासा तुकडा तयार केला, अशा बातम्या आता अधूनमधून येतच असतात. त्या वाचल्या की डायलिसिसवर कुणी असलेल्या घरात पहिला प्रश्न निघतो, ‘मग मूत्रपिंड कधी?’ त्वचा जमली, कूर्चा म्हणजे कानात असतं तसं मऊ, लवचीक हाड जमलं आणि मूत्रपिंड का जमत नाही, हे समजून घ्यायचं तर मला पुण्यातूनच सुरुवात करावीशी वाटते, आणि तीही पेशवाईतल्या पुण्यातून.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ मध्ये तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. नाक कापलं जाणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. आपल्याकडच्या लेखनात त्याला सहसा कुंभार म्हणतात. ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी पाहिली होती. तिचं वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पत्राच्या रूपात छापून आलं. चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचं चित्रही काढलं. पत्रात गाडीवानाचं नाव आहे, इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. ज्याच्या हातांनी हे काम झालं त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. ते वर्णन वाचताना दर वेळी मला ही रिकामी जागा खुपते.

वर्णन फार बारकाईचं आहे. आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून घ्यायची. पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी कपाळाला जोडलेलीच ठेवायची. नाकाच्या जुन्या जखमेची कड ताजी करायची, कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि तिथे बसवायची. टाके नाहीत. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. पानाला लावतात तोच कात. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या लावायच्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी, कातडी नव्या जागी जगली की, ती डोळ्यांमधली पट्टी कापायची.

या पट्टीला मी देठ म्हणते. भोपळा वेलीवर असेपर्यंत वाढतो तो देठामुळे. कपाळावरची कातडी नाकावर तग धरून राहिली ती या देठातून येणाऱ्या रक्तामुळे. नव्या जागेतून बारीक रक्तवाहिन्या कातडीत शिरेपर्यंत देठ ठेवावाच लागतो. तेवढे दिवस थांबायचं, हे त्या कारागिराला ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक घडवण्याची कृती आहे, तिथेही कातडी एका बाजूनं जोडलेलीच ठेवलेली आहे. पुण्याची हकीगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त छापला. युरोपातल्या आधुनिक नासिकारोपणाचा इतिहास इथून सांगितला जातो.

तिथून पुढची दोनशे वर्षं, माझ्या वाचनानुसार, हा देठ कापता येईल का याच एका प्रश्नाची आहेत.

पहिलं उत्तर १८६९ मध्ये पॅरिसमध्ये मिळालं. जाक-लुई रेव्हर्दँ या तरुण डॉक्टरनं कातडीचे अगदी लहान, पातळ तुकडे पूर्ण सुटे करून उघड्या जखमेवर ठेवले आणि ते जगले. कातडी पुरेशी पातळ असली तर पहिले काही दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर निभावून नेते, तोवर खालून रक्तवाहिन्या येतात. आज जळीत विभागात मांडीवरची कातडी काढून लावतात ती याच आधारावर. पण दुसरीकडे लावायला अंगावर चांगली कातडी शिल्लक तर हवी ना? शरीर ऐंशी टक्के भाजलं असेल तर आणायची कुठून?

म्हणजे शरीराबाहेर वाढवायला हवी. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातल्या चेतापेशी लसिकेच्या, म्हणजे शरीरातल्याच एका पातळ द्रवाच्या, थेंबात ठेवल्या आणि त्यांतून तंतू फुटताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शरीराबाहेर पेशी जगते आणि वाढते, हे डोळ्यांनी दिसलं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कला अलेक्सिस कारेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातल्या पेशी वाढवायला घेतल्या. त्यांचं ते संवर्धन ३० वर्षांहून जास्त चालवलं गेलं आणि पेशी अमर असतात असा समज पक्का झाला. तो चुकीचा होता. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या सामान्य पेशी साधारण ४० ते ६० वेळा दुभागतात आणि थांबतात. कारेल यांचा निष्कर्ष इतरांना पुन्हा मिळालाच नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दाला हात लावायला तीन-चार दशकं कुणी धजलं नाही. विज्ञानातही असं होतं, आणि ते या क्षेत्रात पुन्हा एकदा फार महागात पडलं. त्याकडे पुढे येते.

पुण्यात ‘टिश्यू कल्चर’ म्हटलं की आजही लोकांना आधी केळी आठवतात. त्यात गैर काही नाही. वनस्पतीच्या ऊतिसंवर्धनात पुण्याचं नाव खरोखर मोठं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रजनी नाडगौडा आणि सहकाऱ्यांनी बाटलीत वाढवलेल्या बांबूला फुलं आणली. कित्येक दशकांनी एकदाच फुलणारी ही वनस्पती काही आठवड्यांत फुलली. १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण वनस्पतीची पेशी उदार असते. योग्य संप्रेरकं दिली की एका पेशीतून मुळं, खोड, पानं असं अख्खं रोप उभं राहतं. आपल्या कातडीची पेशी कातडीच करते, तीही रोज निगा राखली तर.

ती निगा पाहायची असेल तर विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे पाहावं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उल्हास वाघ यांच्या नेतृत्वाखाली प्राण्यांच्या ऊती आणि पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून ते सुरू झालं. देशभरातल्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशींच्या वाणांची पेढी इथे आहे. मी पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या अशाच एका प्रयोगशाळेत, विज्ञान दिनाच्या खुल्या दिवशी. तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची चपटी बाटली, तळाशी गुलाबी द्रव. नुसत्या डोळ्यांना दुसरं काही दिसेना. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर तळाला चिकटलेल्या, फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना लागून असलेल्या पेशी दिसल्या. शेजारच्या बाटलीतला द्रव पिवळा पडला होता. तिथल्या संशोधक ताई म्हणाल्या, ‘यांचं जेवण संपलंय, आता बदलायला हवं.’ पेशी द्रव वापरतात तसं त्यात आम्ल साचतं आणि रंग पिवळा होतो. तापमान ३७ अंश, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि सणवार न बघता कुणीतरी येऊन जेवण बदलायचं. ‘गणपतीतसुद्धा यावं लागतं,’ असं त्या अगदी सहज म्हणाल्या.

जळिताच्या रुग्णासाठी त्वचा वाढवण्याचा मार्ग सापडला तो असाच, दुसऱ्याच कामात. हॉवर्ड ग्रीन हे उंदराच्या एका गाठीतल्या पेशी वाढवत होते. त्यात त्यांना त्वचेसारख्या पेशींचे पुंजके दिसले. तो धागा धरून १९७५ मध्ये जेम्स ऱ्हाइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचापेशी वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. किरणोत्सर्गानं वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशी खाली अंथरायच्या आणि त्यांच्या सोबतीनं माणसाच्या पेशी वाढवायच्या. टपाल तिकिटाएवढ्या कातडीतून तीन-चार आठवड्यांत अंग झाकण्याइतकी चादर होऊ लागली. १९८३ मध्ये अमेरिकेत शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या दोन लहान भावांना अशा चादरींनी वाचवलं. एवढ्या भाजण्यातून तेव्हा कुणी वाचत नसे. ही चादर म्हणजे तापवून निवलेल्या दुधावरच्या सायीसारखी नाजूक. तिच्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत आणि खालचा जाड थरही नाही. तो थर भरून काढण्यासाठी योआनिस यानास आणि जॉन बर्क यांनी गायीचं कोलॅजन हे प्रथिन आणि शार्कच्या कूर्चेतला घटक यांची सच्छिद्र जाळी बनवली. १९८१ मध्ये ती रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध झालं.

इथून ‘जाळी’ ही कल्पना पुढे आली. इमारतीला परांची बांधतात किंवा वेलीला मांडव घालतात, तसा पेशींना आधार द्यायचा. मांडवाचा धागा असा, की पेशींनी आपलं घर बांधलं की तो आपोआप विरघळावा. विरघळणारे टाके ज्या पदार्थांचे असतात तेच इथे कामाला आले. ‘टिश्यू इंजिनीअरिंग’ हा शब्द १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकान्टी यांनी ‘सायन्स’मधल्या लेखात या शाखेची मांडणी केली. पुढच्या चार वर्षांत पाठीवर माणसाच्या कानाचा आकार वागवणाऱ्या उंदराचं छायाचित्र जगभर गेलं. तो कान माणसाचा नव्हता आणि उंदराची जनुकंही बदललेली नव्हती. कानाच्या आकाराच्या जाळीवर गायीच्या कूर्चापेशी वाढवून ती उंदराच्या कातडीखाली ठेवली होती.

कूर्चाच का निवडली? कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पेशीपासून सर्वांत जवळची केशवाहिनी, म्हणजे केसासारखी बारीक रक्तवाहिनी, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून लांब असली, तर बहुतेक पेशींना प्राणवायू पुरत नाही. म्हणून जे आधी जमलं ते सगळं एकतर पातळ होतं किंवा रक्तावाचून निभावणारं होतं. स्वीडनमध्ये रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात बसवल्या, ते काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून डोळ्याच्या बुबुळाच्या कडेवरच्या मूलपेशी (नव्या पेशी घडवत राहणाऱ्या पेशी, म्हणजेच ‘स्टेम सेल’) प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या गर्भवेष्टनाच्या पडद्यावर वाढवून, रसायनांनी डोळे गेलेल्यांना लावल्या जाऊ लागल्या. जर्मनीत २०१५ मध्ये आनुवंशिक आजारानं अंगभर फोड येणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला जनुक दुरुस्त केलेली, प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा लावली. त्याची सुमारे ८० टक्के त्वचा नव्यानं बसवली गेली.

जिथे भिंत जाड झाली तिथे गाडी अडली. अँथनी अटाला यांनी सात मुलांना आणि तरुणांना त्यांच्याच पेशींचं मूत्राशय बसवल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. आतड्यांवर पसरलेली चरबीची झालर ज्या मूत्राशयांभोवती गुंडाळली, ती जास्त चांगली टिकली. ती झालर रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. म्हणजे पुन्हा देठच! नंतरच्या दुसऱ्या चाचणीत मात्र अपेक्षित फायदा दिसला नाही.

श्वासनलिकेची गोष्ट याहून दुःखद आहे. पाओलो माक्कियारिनी या शल्यविशारदांनी २०११ पासून स्टॉकहोममध्ये तीन रुग्णांना प्लास्टिकच्या, पेशी पेरलेल्या श्वासनलिका बसवल्या. त्या नळ्यांना रक्तपुरवठाच नव्हता. तिघेही दगावले. जगभर कौतुक चाललेलं असताना त्यांच्याच संस्थेतल्या डॉक्टरांनी शंका घेतल्या, तेव्हा त्यांनाच गप्प करण्याचा प्रयत्न झाला. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयानं माक्कियारिनी यांना दोषी ठरवून अडीच वर्षांची शिक्षा दिली.

सध्या मुख्य झगडा रक्तवाहिन्यांचाच आहे. २००८ मध्ये अमेरिकेत उंदराच्या हृदयातून सगळ्या पेशी साबणासारख्या द्रावणानं धुऊन काढल्या. रक्तवाहिन्यांच्या जाळ्यासकट रिकामा सांगाडा उरला आणि त्यात नव्या पेशी भरल्या. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशीला पुन्हा मूलपेशीसारखं करण्याची रीत दाखवल्यावर पेशी कुठून आणायच्या ही अडचण बरीच हलकी झाली. २०१३ मध्ये जपानमध्येच अशा पेशींपासून यकृताचे अंकुर तयार करताना त्यात रक्तवाहिन्यांच्या पेशीही मिसळल्या. उंदरात ठेवल्यावर दोन दिवसांत ते अंकुर त्याच्या रक्तप्रवाहाला जोडले गेले. पण ते अंकुर काही मिलिमीटरचे. मूत्रपिंडाच्या प्रश्नाचं आजचं उत्तर एवढंच आहे.

आपल्याकडे मात्र या सगळ्याच्या नावावर वेगळाच व्यवहार चालतो. माझ्या मावशीला शहरातल्या एका दवाखान्यात गुडघ्यासाठी ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन सुचवलं, लाखाच्या घरातला आकडा सांगून. पोटाची चरबी काढायची, तासाभरात यंत्रातून फिरवायची आणि गुडघ्यात सोडायची. यात पेशी वाढवणं कुठेच नव्हतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठी होणारं अस्थिमज्जेसारखं रोपण सोडलं, तर मूलपेशींचे बाकी उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे आहेत. आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. मावशीला मी तेवढा एकच प्रश्न विचारायला लावला, ‘ही चाचणी आहे का, आणि असेल तर नोंदणी क्रमांक काय?’ उत्तर मिळालं नाही. ती परत आली.

भाजलेल्या माणसासाठी आज पुण्यात खरोखर हाताशी आहे ती त्वचापेढी. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ यांवरून कातडीचा अगदी पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा काही वर्षं टिकते. रुग्णाचं शरीर ती कायमची स्वीकारत नाही, दोन-तीन आठवड्यांत सोडून देतं. तेवढे दिवस ती जखम झाकून ठेवते, पाणी आणि मीठ आत धरून ठेवते, जंतू बाहेर ठेवते, आणि तोवर रुग्णाच्या मांडीवरची कातडी पुन्हा काढता येईल इतकी भरून येते.