उतरवणं आणि खोदणं यांच्या मधले दोन दिवस
(जुन्या वाड्यांच्या जागेत नाणी-दागिने शोधून घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी)

वाडा पाडून नवं बांधायचा करार झालेला असतो, सामान हललेलं असतं, सोमवारी जेसीबी येणार असतो. आणि शनिवारी संध्याकाळी आम्हाला फोन येतो, "आजीची बुगडी परसात पडली होती म्हणतात, उद्या येऊन बघता का?" येतो. पण वाड्यावर माळवद, माती, वासे असं सगळं तसंच असेल तर एका दिवसात हाती फारसं लागत नाही. ही माहिती शनिवारच्या आधी तुमच्या हातात पडावी म्हणून हे पत्रक.

आम्ही पुणे, सातारा, वाई या पट्ट्यात जुन्या वाड्यांच्या आणि पडीक घरजागांवर धातूशोधक यंत्र फिरवून हरवलेल्या वस्तू शोधतो. गुप्तधन शोधत नाही. हंडा, त्यावरचा नाग, पायाळू माणसाला दिसणारं सोनं या गोष्टी ऐकायला आम्हालाही आवडतात. मात्र जागेवर कोणी लिंबू-कुंकू घेऊन बसलेलं दिसलं, तर आम्ही यंत्र गाडीतून बाहेर काढत नाही. २०१३ पासून महाराष्ट्रात धन शोधण्यासाठी अघोरी प्रकार करणं हा गुन्हा आहे, आणि आम्हाला त्यात साक्षीदार व्हायचं नाही.

जुन्या घराखाली पुरलेलं कमी असतं, पडलेलं जास्त. न्हाणीत साबणाच्या हाताने जोडवं निसटतं, मोरीतून वाहत परसातल्या केळीच्या आळ्यात जातं. कनवटीचा पैसा ओसरीवर पडतो, शेणाच्या सारवणाखाली झाकला जातो. पुढच्या वर्षी त्यावर मुरूम घालून चोपण्याने जमीन चोपतात, आणि तो पैसा आणखी बोटभर खाली जातो. एका ओसरीची जमीन आम्ही पापुद्र्यांसारखी उलगडली होती. वरच्या थरात अॅल्युमिनियमचे पाच पैसे, त्याखाली १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा, आणि सगळ्यात खाली हिरवी पडलेली शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव' मधलं 'शिव' तेवढं वाचता येत होतं. चांदीचा कलदार रुपया क्वचित मिळतो. वजनाने तो बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९४० ते ४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, हे विकायला जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

म्हणून चौकाच्या मधोमध आम्ही फार वेळ घालवत नाही. मोरीचं तोंड, आडाचा काठ, तुळशीवृंदावनाचा पाया, देवडीची पायरी आणि उकिरड्याची जागा इथे घालवतो. घरातला केर जिकडे जात होता, हरवलेलं बहुधा तिकडेच गेलेलं असतं.

आग्नेय कोपऱ्यात यंत्र जोरात वाजलं तर लगेच पेढे मागवू नका. वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुषाची प्रतिमा तिथे पुरतात. एका घरी तांब्याची डबी निघाली, तेव्हा मालकांचे धाकटे बंधू "मोजून घ्या, मोजून घ्या" म्हणत होते. आत बोटाएवढी प्रतिमा आणि एक पोवळं निघालं. ती त्यांनी नव्या इमारतीच्या पायात घालायला जपून ठेवली आहे.

यंत्र काय करतं तेही सांगतो. तबकडीतून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत बारीक वीज खेळते, तिचं उत्तर परत येतं. तांबं-चांदी उंच, स्वच्छ वाजते. सोन्याची अडचण अशी की बारीक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद जवळजवळ सारखेच वाजतात. त्यामुळे सोनं हवं असेल तर कचराही उकरावा लागतो. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत कळते, आपल्याकडच्या लोहयुक्त काळ्या मातीत त्याहून कमी. कोकणातल्या जांभ्यावर तर यंत्र नुसतं कुरकुरतं. शेजारी जुना खिळा असला की तो नाण्याचा आवाज गिळून टाकतो, आणि वाड्याच्या जागेत खिळ्यांना काय तोटा! मंगळसूत्राचे मणी काचेचे, ते वाजत नाहीत. वाट्या वाजतात. नाजूक साखळी अनेकदा हुकतेच, तिची प्रत्येक कडी यंत्राला वेगळी आणि फार लहान दिसते.

पुण्यात नदीकाठच्या पेठांतली जागा असेल तर आधी सांगा. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर जिथे गाळावरच भराव घालून नवी फरशी केली, तिथे जुनी जमीन यंत्राच्या टप्प्याखाली असू शकते. तिथे वरचा थर आधी हाताने काढावा लागतो.

आता वेळेबद्दल. वाडा उतरवून लाकूड, दगड, राडारोडा हलला, पण पायाची खोदाई सुरू झाली नाही, हे मधले दोन दिवस आम्हाला हवेत. ठेकेदाराशी बोलतानाच ते मागून घ्या. जेसीबी वरची फूटभर माती एका फावड्यात उचलतो, डंपर ती कुठे ओततो ते कोणी लिहून ठेवत नाही. लाखेवरची पोकळ पाटली तर त्याच्या दातांत पत्र्यासारखी चपटी होते.

हा पुढचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो वाचल्याशिवाय आमच्या कागदावर सही करू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात, म्हणजे भिंतीतही, दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय, किती, कुठे, कधी सापडलं, सगळं. दहा रुपयांची मर्यादा तेव्हाची, आज त्यात एक जोडवंही बसणार नाही. चौकशीत कोणी हक्कदार निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. शासनाला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते तो घेऊ शकतं. लपवलं तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लपवायला मदत करणाऱ्या मालकालाही शिक्षा आहे.

सुनेची परवा पडलेली अंगठी हा दडवलेला ठेवा नव्हे, ती उचला आणि घाला. पण मडकं, डबी, एकत्र ठेवलेली नाणी असं काही दिसलं की आम्ही हात थांबवतो, फोटो काढतो आणि पत्र पाठवतो. "राहू द्या हो, कोणाला कळतंय" म्हणणाऱ्या ग्राहकांची कामं आम्ही अर्धी सोडली आहेत. शोधणारे म्हणून कायद्याने आमच्याकडे येणारा हिस्सा आम्ही करारातच तुमच्या नावे सोडतो. आमचा दर दिवसाचा, काही निघालं तरी तोच, न निघालं तरी तोच. वाट्यावर काम करणारा माणूस तुम्हाला सगळं दाखवेलच असं नाही.

संरक्षित स्मारकाच्या आवारात किंवा गडावर आम्ही येत नाही. कितीही ओळखीतून विचारलंत तरी.

सापडलेलं नाणं देवाच्या भांड्यासारखं चिंचेने घासू नका. हिरवा थर निघतो, त्याबरोबर अक्षरंही जातात. साध्या पाण्यात माती सुटू द्या, सावलीत वाळवा, कागदात गुंडाळून ठेवा.

आम्ही येऊ त्या दिवशी जागेचा वीजपुरवठा बंद ठेवा, वायरींमुळे यंत्र खोटं बोलतं. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकाची प्रत काढून ठेवा, भाऊबंदांचं हक्कसोडपत्र बाकी असेल तर सगळ्यांच्या सह्यांची संमती लागेल. आणि घरातल्या थोरल्या आजी किंवा काकू येऊ शकत असतील तर त्यांच्यासाठी एक खुर्ची आणा. जुनी न्हाणी नेमकी कुठे होती, हे बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असतं.